फोनवरून वाजवलेली भिंत

फोन काही केल्या उभा राहीना. आधी मी तो पाण्याच्या तांब्याला टेकवला, तर घसरला. मग वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याला टेकवला, तर त्यात माझी नुसती हनुवटी दिसू लागली. शेवटी शालननं, माझ्या बायकोनं, स्वयंपाकघरातून लिंबाच्या लोणच्याची बरणी आणून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "हिला टेकवा. ही हलायची नाही."

अशा रीतीनं दोन हजार वीस सालच्या ऑगस्ट महिन्यात, सांगलीतल्या घरी जेवणाच्या टेबलावर बसून, लोणच्याच्या बरणीच्या आधारानं मी एक्केचाळीस किलोमीटर रस्त्याची शेवटची तपासणी केली. आज हसू येईल असं हे चित्र आहे. मला चार वर्षं आलं नाही.

"साहेब, दिसतोय का मी?" फोनमधून देवकाते ओरडत होते. एवढं ओरडायची गरज नव्हती, पण दुष्काळी भागातल्या त्या माळावर वारा फार.

"दिसताय. मास्क नाकावर घ्या."

"इथं चार किलोमीटरात माणूस नाही, साहेब."

"तरी घ्या."

देवकाते कंपनीचे प्रोजेक्ट मॅनेजर. चाळिशीचा, जाड भिंगांचा, कामसू माणूस. एरवी त्यांच्या हाताखाली तीनशे माणसं असायची. आता मजूर आपापल्या मुलखाला निघून गेले होते, इंजिनिअर घरी बसले होते, आणि मॅनेजरसाहेब स्वतः एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात सळईचा तुकडा घेऊन उन्हातान्हात मला रस्ता दाखवत फिरत होते.

मी कोण, ते सांगायला हवं. रस्ता सरकारचा, पण बांधणार खासगी कंपनी. काही पैसा बांधता बांधता सरकार देणार, उरलेला कंपनीनं बँकेकडून उचलायचा आणि रस्ता पुरा झाला की पंधरा वर्षांत सरकारकडून हप्त्यांनी घ्यायचा. दोघं भागीदार. पण भागीदारांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नसतो, म्हणून मध्ये एक तिसरा माणूस नेमतात. कागदावर त्याला स्वतंत्र अभियंता म्हणतात. दोघं मिळून त्याचा पगार देतात आणि दोघांनाही तो डोळ्यांसमोर नको असतो. तो मी, आवटी. माझ्या सहीचा दाखला मिळेपर्यंत रस्ता पुरा झाला असं कोणी म्हणू शकत नव्हतं.

माझी एक खोड होती. तपासणीला जाताना बरोबर नेहमी हातोडी. बाभळीच्या दांड्याची, अर्ध्या किलोची. कुठलंही काँक्रीट दिसलं की मी ते वाजवून बघायचो. आतून भरीव असलं की ठण्ण वाजतं. आत पोकळी असली, सांधा धरला नसला, की बद्द वाजतं. प्रयोगशाळेचे कागद खोटे निघालेले मी पाहिले आहेत, हा आवाज खोटा निघालेला पाहिला नाही. मजूर मला तोंडावर साहेब म्हणायचे आणि पाठीमागे हातोडीवाला. मला ते आवडायचं. उगाच कशाला नाकारा!

त्या दिवशी हातोडी माझ्याजवळ नव्हती. मार्चमध्ये सगळं बंद व्हायच्या दिवशी दुपारी मी ढालेवाडी फाट्यावर होतो. तिथं गावातल्या लोकांसाठी रस्त्याखालून बोगदा काढला होता आणि त्याच्या कडेची मोठी भिंत भरत होते. काँक्रीट कमरेइतकं आलं होतं. शालनचे फोनवर फोन येत होते, "आत्ताच्या आत्ता निघा, जिल्ह्याच्या हद्दी बंद होणार म्हणतात." मजुरांमध्येही पळापळ सुरू झाली होती. मी गाडीत बसलो आणि हातोडी फाट्यावरच्या हौसाक्काच्या हातात दिली.

"हौसाक्का, ठेवा ही. आठ दिवसांत येतो."

"ठिवते. पर तवर आलं ठेचीन हं हिनं," ती म्हणाली.

हौसाक्का सरगर आणि तिचा नवरा बिरामामा यांची फाट्यावर चहाची टपरी होती. बिरामामाचा एक पाय अधू, त्यामुळे तो बसल्या जागी कप विसळायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायचा. चौकशी करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दोन वर्षं मी रोज तिथं चहा प्यायलो. टपरीवर सावली धरणारा कडुलिंब रस्ता रुंद करताना आम्हीच तोडला, तरी त्या दोघांनी मला कधी साखर कमी घातली नाही. मला मधुमेह आहे म्हणून घालायला हवी होती, ते वेगळं.

आठ दिवसांचे पाच महिने झाले. सांगली-मिरजेत त्या ऑगस्टमध्ये दवाखान्यांत खाट मिळत नव्हती. समोरच्या घरातले पाटणे मास्तर सोमवारी खोकत गच्चीवर फिरताना दिसले आणि पुढच्या मंगळवारी ते गेल्याचं कळलं. त्यांना शेवटचं घरी आणलंही नाही. माझं वय एकोणसाठ, रोज इन्सुलिन आणि छातीत एक स्टेंट. शालननं फाटकाला कुलूप घातलं होतं आणि किल्ली ती कमरेला लावून फिरायची. दूधवाल्याशीही मी खिडकीतून बोलायचो.

आणि देवकाते रोज फोन करायचे. "साहेब, सरकारनं महामारी म्हणून सहा महिने वाढवून दिले, पण बँक ऐकायला तयार नाही. दाखला गेला नाही तर ते हात वर करणार. आहे ती चाळीस माणसंही मग घरी बसवावी लागतील. माझ्यासकट."

सरकारलाही रस्ता पुरा झालेला हवा होता. मग परिपत्रक निघालं की परिस्थिती पाहता तपासणी फोनवरून केली तरी चालेल. मी ते परिपत्रक तीनदा वाचलं. खरं सांगतो, मला इतका आनंद झाला की मी ते शालनला मोठ्यानं वाचून दाखवलं.

तर त्या दिवशी देवकाते मला एकेक मोरी, एकेक पूल दाखवत ढालेवाडी फाट्यावर पोचले. भिंत उभी होती. वरपर्यंत भरलेली, गुळगुळीत गिलावा केलेली, छान पांढरी.

"ही कधी भरली?" मी विचारलं.

"जूनमध्ये. जेवढी माणसं होती तेवढ्यांनी."

"म्हणजे मार्चमधलं खाली आणि जूनमधलं वर?"

"हो. सांधा नीट धरलाय, साहेब. गिलावापण केलाय."

सांध्यावर गिलावा केला म्हणजे सांधा झाकला. हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही. मी म्हटलं, "वाजवून दाखवा."

त्यांनी सळईनं टकटक केलं. सळईचा आवाज म्हणजे काही आवाज नव्हे. तेवढ्यात फोनच्या काचेत एक हात आला आणि त्यामागून तोंडाला पदर लावलेला चेहरा.

"साहेब, वळखलं का?"

"हौसाक्का! बरं आहे ना?"

"बरंच म्हणायचं. गिऱ्हाईक न्हाई, पर जित्ती हाय." मग ती देवकात्यांकडे वळली. "सळईनं काय वाजीवताय वो? साहेबांची हातोडी हाय माझ्याजवळ. सरा. दोन वरसं बगत्येय, मला ठावं हाय कसं वाजवायचं ते."

देवकाते हसले आणि बाजूला झाले. मागे दगडावर बिरामामा बसला होता, त्यानं मला लांबून रामराम केला. म्हणाला, "साहेब, वाळलाय तुमी!"

"साहेब, एक इचारू?" हौसाक्का म्हणाली. "लिंब तर गेला. आता टपरी हितंच मांडावी म्हणत्येय, भितीच्या सावलीला. दुपारची लई ऊनं लागत्यात ह्यांना. भित धड हाय न्हवं?"

"बघू की," मी म्हटलं. "वाजवा."

तिनं छातीच्या उंचीवर मारली. ठण्ण. दोन पावलं सरून पुन्हा मारली. ठण्ण. अगदी माझ्यासारखी मान कलती करून ती ऐकत होती, मला गंमत वाटली.

"आता जरा खाली," मी म्हटलं. "कमरेच्या उंचीवर मारा."

ती वाकली. हातोडी भिंतीला टेकलेली, पदर वाऱ्यावर उडालेला, आणि चित्र थांबलं. मध्ये ते गोल चक्र फिरू लागलं. त्या माळावर रेंज अशीच यायची आणि जायची.

थोड्या वेळानं चित्र हललं. देवकात्यांचा चेहरा जवळ आला. "साहेब? हॅलो? रेंज गेली होती. झालं का इथलं? का परत वाजवायचं?"

"ठीक आहे," मी म्हटलं. "पुढे."

देवकाते पुढे निघाले. अजून नऊ किलोमीटर राहिले होते.

संध्याकाळी त्यांचा पुन्हा फोन आला. "साहेब, तुमचं समाधान झालं नसेल तर गाडी पाठवतो. एकदा डोळ्यांनी बघून जा. मलाही बरं वाटेल."

मी शालनकडे पाहिलं. ती भाजी मिठाच्या पाण्यात धूत होती. मी म्हटलं, "नको हो. बघितलं की सगळं." सोमवारी मी सही केली. राहिलेल्या किरकोळ कामांची यादी जोडली. त्यात तीन दिशादर्शक फलक, रंगाचे पट्टे आणि एका गटाराची झाकणं होती. ढालेवाडीची भिंत यादीत नव्हती.

ऑक्टोबरात परतीच्या पावसानं तीन दिवस झोडपलं. चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला देवकात्यांचा फोन आला. या वेळी ते ओरडत नव्हते.

"साहेब, ढालेवाडीची भिंत गेली."

"किती?"

"अकरा मीटर. कमरेपासून वरची. खालची तशीच उभी आहे." मग म्हणाले, "बिरामामा खाली होता. हौसाक्का हापशावर पाणी आणायला गेली होती, म्हणून ती वाचली."

मी फाट्यावर गेलो नाही. मातीला गेलो नाही, दहाव्याला गेलो नाही. निमित्त हाताशी होतंच. त्या वर्षी कोणीच कोणाच्या मातीला जात नव्हतं, त्यामुळे मी आलो नाही हे कोणाच्या लक्षातही आलं नसेल.

पुढच्या फेब्रुवारीत चौकशी झाली. दोन अधिकारी, एक लांब टेबल, मधोमध सॅनिटायझरची बाटली. मी सांगितलं की त्या ठिकाणी रेंज गेली होती. देवकात्यांनीही तेच सांगितलं. मग अधिकाऱ्यांनी ढालेवाडीला जाऊन घेतलेला हौसाबाई सरगर यांचा जबाब वाचून दाखवला. खाली अंगठा होता. जबाब दोनच ओळींचा होता. "हातोडी मी मारली. फोन बंद पडला होता, साहेबांना काही ऐकू गेलं नाही."

त्या दोन ओळींनी मी सुटलो. अहवालात लिहिलं होतं की महामारीच्या अपवादात्मक परिस्थितीमुळे काम सलग होऊ शकलं नाही आणि तपासणी प्रत्यक्ष होऊ शकली नाही. दोष कोणा माणसाचा नव्हता. कंपनीला मुदत वाढवून मिळाली, भिंत नव्यानं बांधली, हौसाक्काला काही रक्कम मिळाली असं ऐकलं. मी निवृत्त झालो. निरोपाच्या वेळी कोणीतरी मला चांदीच्या मुलाम्याची छोटी हातोडी दिली. ती मी घरी आणून कपाटाच्या मागे टाकली.

शालननं मला कधी काही विचारलं नाही. फक्त एक दिवस जेवताना म्हणाली, "चार वर्षं झाली, तुम्ही तुमच्या खुर्चीत बसत नाही. पाहुण्यासारखे या बाजूला बसता. एकदा जाऊन या तिकडे."

"कुठे?"

"मला विचारता?" ती म्हणाली आणि आमटी वाढायला लागली.

मी एसटीनं गेलो. ढालेवाडी फाट्यावर उतरलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. रस्ता झकास झाला होता, गाड्या सुसाट जात होत्या. टपरी आता रस्त्याच्या पलीकडे, भिंतीपासून लांब, भर उन्हात होती. वर पत्रा, पत्र्यावर उसाचं पाचट. हौसाक्का पाट्यावर आलं ठेचत होती. माझ्याच हातोडीनं. दांडा काळा पडला होता.

तिनं वर बघितलं. मग म्हणाली, "बसा की, साहेब. साखर घालू का न्हाई?"

"नको."

"तवाच सोडायला पायजे हुती." तिनं भांडं ठेवलं. "घरच्या बाई बऱ्या हायेत?"

"बऱ्या आहेत."

टपरीच्या खांबाला बिरामामाचा फोटो लावला होता, आधार कार्डावरचा मोठा केलेला. फोटोतही तो काहीतरी विचारणार असं वाटत होतं.

"हौसाक्का, मला यायला हवं होतं," मी म्हटलं.

"कोण येतंय त्या वख्ताला? भाऊ आला न्हाई माझा, सख्खा." तिनं चहा गाळला. "तुमच्याबद्दल माझ्या मनात काय न्हाई, साहेब. तुमास्नी दोष दिऊन काय करू? तुमच्या कानावर गेलं असतं तर तुमी सोडलं नसतं. दोन वरसं बगितलंय मी, एक दगुड सोडला न्हाई तुमी न वाजीवता. फोनच बंद पडला, त्याला काय करणार?"

मी कप हातात धरून बसलो.

"खरं सांगू का?" ती खालच्या आवाजात बोलू लागली. "दोष माझा हाय. मी भितीजवळ हुते की. फोनमधनं थोडंच ऐकत हुते? बद्द वाजलं, साहेब. माझ्या ह्या कानांनी ऐकलं. दोन डाव मारली, दोन्ही डाव बद्द. तुमास्नी हाक मारली, तर तुमी फोनमदी पुतळ्यावानी. मग फोन लागला आन् तुमी म्हनला, पुढं. म्हटलं, साहेब पुढं म्हंत्यात म्हंजे आसंल बरं. आपल्याला काय कळतंय त्यातलं? आन् मांडली टपरी. ह्यांना मीच बशीवलं तितं. हे म्हनत हुते, हौसे, लिंबाच्या बुंध्यापाशीच बसू. मीच म्हनलं, न्हाई, सावली हाय, हितं बसा." तिनं पदरानं डोळे पुसले नाहीत, फक्त हातोडी उचलून बाजूला ठेवली. "चार वरसं झोप न्हाई मला. कान असून भैरी झाले मी."

मी हे ऐकायला गेलो नव्हतो. माफी मागायची, ती काहीबाही बोलेल, ते ऐकून घ्यायचं आणि साडेपाचच्या एसटीनं परत यायचं, एवढंच मी ठरवलं होतं. माझं ओझं ती वाहते आहे हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. तसंच उठून आलो असतो तर ती आयुष्यभर ते वाहत राहिली असती, आणि मला सांगली गाठेपर्यंत चांगली झोपही लागली असती.

"हौसाक्का," मी म्हटलं, "चित्र थांबलं होतं. आवाज थांबला नव्हता."

तिला कळलं नाही. "म्हंजे?"

"तुम्ही मला थांबलेल्या दिसत होता. पण ऐकू येत होतं. मला पहिला बद्द ऐकू आला. तुम्ही म्हणालात, साहेब, ह्ये बद्द वाजतंय वो. मग दुसऱ्यांदा मारलीत. तोही ऐकू आला. मग तुम्ही म्हणालात, साहेब, ऐकू येतंय न्हवं?"

ती माझ्याकडे बघत होती.

"मी हललो नाही. तुमच्याकडेही माझं चित्र थांबलं आहे असं तुम्हाला वाटावं म्हणून मी मुद्दाम हललो नाही. डोळ्याची पापणी लवू दिली नाही. बायको फोनच्या मागून चहा घेऊन आली, कप ठेवला, खुणेनं काहीतरी विचारलं, तरी मी तसाच बसून राहिलो. देवकाते रेंज गेली म्हणेपर्यंत."

एक ट्रक गेला. पत्र्यावरचं पाचट हललं.

"का?" तिनं विचारलं.

मी उत्तर फार वेळा मनात तयार केलं होतं. त्यात बँक होती, चाळीस माणसांची नोकरी होती, सरकारचं परिपत्रक होतं. त्यातलं एकही तोंडातून निघेना, कारण त्यातलं एकही खरं नव्हतं.

"ऐकलं म्हटलं असतं तर मला इथं यावं लागलं असतं," मी म्हटलं. "भिंत फोडून बघायला. दोन-चार दिवस राहावं लागलं असतं, माणसांत. मी भ्यालो होतो. मरायला भ्यालो होतो, हौसाक्का."

तिनं पाट्यावरचं आलं हातानं गोळा केलं. मग अगदी साध्या आवाजात, एखादी राहून गेलेली गोष्ट आठवावी तशी म्हणाली, "आमी हितंच हुतो की."

मी मान खाली घातली. मला रडू आलं, आणि आपल्याला रडायचा काय हक्क आहे असं वाटून ते थांबेना. तिनं मला गप्प केलं नाही. चहा घ्या म्हणाली नाही. समोरचा कप तसाच निवत गेला.

"म्हंजे मला बराबर ऐकू आलं हुतं," थोड्या वेळानं ती स्वतःशीच म्हणाली.

"हो. बरोबर ऐकलं होतं तुम्ही. माझ्याइतकंच बरोबर."

तिनं एक लांब श्वास सोडला. मग हातोडी उचलली, पदरानं तिच्यावरचं आलं पुसलं आणि दांडा माझ्याकडे केला.

"न्या. तुमची हाय."

"मला नको, हौसाक्का."

"घरला न्या म्हनत न्हाई मी." तिनं रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. "ती नवी भित. बांदल्यापासनं मी तिच्या खालनं पानी आनते, गावातली पोरं तिच्या खालनं शाळंला जात्यात. ती वाजवून बगितली का कुनी? जावा. या टोकापासनं त्या टोकापत्तुर. मी हितनं ऐकते."

मी हातोडी घेतली. वजन ओळखीचं होतं, दांडा हाताला चिकट लागला. गाड्या जाऊ देऊन मी रस्ता ओलांडला आणि भिंतीच्या पहिल्या टोकाशी उभा राहिलो. वाकलो, कमरेच्या उंचीवर मारली. ठण्ण.

मी मागे वळून बघितलं. ती टपरीतून बाहेर येऊन उभी होती, मान कलती करून.

"पुढं," ती म्हणाली.

दोन पावलं सरून मारली. ठण्ण. मधून एसटी गेली. गाडी जाईपर्यंत हौसाक्का थांबली.

"पुढं."

असे आम्ही निघालो. साडेपाचची गाडी आली आणि गेली. माझी कंबर भरून आली, शर्ट पाठीला चिकटला. दर वेळी मी मारायचो आणि तिच्या शब्दाची वाट बघायचो. ती म्हणेपर्यंत पाऊल उचलायची माझी हिंमत नव्हती.

अर्ध्याहून पुढे गेल्यावर भिंतीवर एके ठिकाणी हळदीकुंकवाची बोटं ओढलेली दिसली. खाली एक उपडा कप ठेवला होता. ही जागा कोणती ते कोणी सांगायला नको होतं. मी वाकलो आणि मारली.

ठण्ण वाजलं. स्वच्छ, भरीव. मी वळून बघितलं.

ती काहीच बोलली नाही. रस्त्यावर एकही गाडी नव्हती, माझा आवाज तिला नक्की पोचला होता. मी तसाच उभा राहिलो, हातोडी हातात धरून. या वेळी मी हलू शकतो हे मला ठाऊक होतं आणि तिलाही.

"परत," हौसाक्का म्हणाली.

मी परत मारली.

"परत."